पुढच्या वर्षीही त्याच उतारावर बोलवा : पाणलोटाच्या श्रमदानाचे संयोजक यांना खुलं पत्र

प्रिय संयोजकहो,

तुमची निमंत्रणं येतात. तारीख, वेळ, जमण्याचं ठिकाण, टोपी आणा, पाण्याची बाटली आणा, टी-शर्ट आम्ही देऊ. आम्ही येतो. चर खणतो, दगड रचतो, ओढ्यातलं प्लॅस्टिक उचलतो, रोपं लावतो. शेवटी सगळ्यांचा एक फोटो होतो आणि संध्याकाळपर्यंत आकडे फिरू लागतात: इतके स्वयंसेवक, इतकी रोपं, इतकी पोती कचरा. यातलं काही खोटं नसतं, आणि दिवसही बहुतेक वेळा मजेत जातो. सहलीसारखा वाटतो म्हणून त्याला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. माणसं हसत-खेळत कामाला येत असतील तर उत्तमच.

माझी तक्रार वेगळी आहे. तुम्ही आम्हाला काम करायला बोलावता, पण केलेलं काम टिकलं का ते बघायला कधी बोलावत नाही. पाणलोटात, म्हणजे ज्या उतारांवरचं पाणी एकाच ओढ्याला मिळतं त्या भागात, टिकवण्याचं काम करण्याच्या कामापेक्षा जास्त वर्षं चालतं, त्यात फोटो काढण्यासारखं फार नसतं, आणि आमच्यासारख्या फावल्या वेळात येणाऱ्यांना नेमकं तेच झेपण्यासारखं असतं.

आधी थोडा हिशेब. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी पडतं. पंचवीस मिलिमीटरची एक सर म्हणजे हेक्टरी अडीच लाख लिटर. उतार बोडका असेल तर त्यातलं बरंचसं पाणी मातीत न शिरता खाली धावतं, आणि धावताना वेग धरतं. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच पाण्याची ऊर्जा चौपट होते. माती त्या ऊर्जेनं सुटते. उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले समतल चर, बांध, दगडांचे छोटे आडबंध, गवताचे पट्टे या सगळ्यांचं काम एकच: पाण्याला वेग धरू न देणं. म्हणून तर माथ्यापासून सुरुवात करून पायथ्याकडे यायचं असतं. वरचं पाणी मोकळं सोडून खाली कितीही भक्कम बंधारा घाला, तो गाळानं भरतो किंवा वाहून जातो. हे तुम्हाला माहीत आहे, प्रत्येक प्रशिक्षणात सांगितलंही जातं. तरी स्वयंसेवकांच्या बस नेमक्या पायथ्याशी थांबतात, कारण रस्ता तिथवरच असतो. माथ्यावर चढायला तासभर लागतो आणि तिथं बॅनर लावायला जागा नसते. हा टोमणा आहे, पण तुमच्यापैकी अनेक जण तो हसून मान्य करतील अशी मला खात्री आहे.

आता चराचंच उदाहरण घ्या. समतल चर नावाप्रमाणे समतल असला तरच उपयोगाचा. ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची चौकट, आणि तिच्या मधोमध लोंबणारा ओळंबा एवढ्या साध्या साधनानं समपातळी रेषा आखता येते, आणि ती नीट आखली तर पाणी चराच्या पूर्ण लांबीत सारखं साचतं, मुरतं. पण शंभर नवखे हात एकाच सकाळी खणत असतात तेव्हा कुठेतरी रेषा हातभर घसरतेच. मग पाणी चरातून वाहत सखल टोकाला गोळा होतं, तिथला भराव फोडतं आणि ज्या उताराची धूप थांबवायची होती त्याच उतारावर नवी घळ पाडतं. म्हणजे चुकलेला चर हा नुसता वाया गेलेला चर नसतो, तो उताराचं नुकसान करतो. आणि चूक कुठे आहे हे कोरड्या दिवसांत कुणालाच दिसत नाही. ती पहिल्या मोठ्या पावसात दिसते.

त्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी चार-सहा माणसं फावडी घेऊन वर गेली, तर फुटलेला भराव तासाभरात बुजतो. हंगाम संपल्यावर गेलं तर घळ झालेली असते आणि मग तिला दगडांचा बांध लागतो. दगडी बांधाचंही तेच. त्याचा माथा मध्ये जरा खोलगट आणि दोन्ही टोकांना उंच हवा, म्हणजे पाणी मधून ओसंडतं. सरळ सपाट रचला, की पाणी कडेनं वाट काढतं, काठ खातं आणि पुढच्या वर्षी बांध एकीकडे अन् ओढा दुसरीकडे अशी गत होते. हे सुरुवातीलाच दिसलं तर मधले चार दगड काढून कडेला लावायचे, बस. बांधामागे गाळ साचलेला दिसला तर मात्र घाबरायचं कारण नाही. बांध त्याचसाठी घातलेला असतो. ही पारख यायला पदवी लागत नाही. तोच उतार दोन-तीन पावसाळे पाहिलेला असावा लागतो.

मग असं का होत नाही? कारण तुमचा अहवाल श्रमदानाच्या दिवशी पूर्ण होतो. निधी देणाऱ्याला खणलेल्या चरांची लांबी हवी असते, तिसऱ्या वर्षी शाबूत असलेल्या चरांची नव्हे. रोपांच्या बाबतीत तर हे आणखी ठळक आहे. लावलेल्या रोपांची संख्या हा मला सगळ्यात निरुपयोगी आकडा वाटतो. दोन उन्हाळे ओलांडून किती रोपं जिवंत राहिली एवढंच सांगा. ती संख्या छापायला लाज वाटण्याइतकी कमी निघाली तरी छापा. कोणत्या जातीची रोपं तगली, कोणत्या बाजूच्या उतारावर तगली, कुठे आळ्यात पालापाचोळा पसरला होता आणि कुठे नव्हता, हे त्याच यादीतून कळतं आणि पुढच्या वर्षीची चूक वाचते. शिवाय प्रत्येक मोकळी जागा झाडांची नसते. पिढ्यान्‌पिढ्या गवताळ राहिलेल्या माळावर खड्डे खणून परकी रोपं लावणं म्हणजे माती आधीच धरून ठेवणारं गवत उकरून काढणं. तिथं काहीच न लावता नुसतं राखण करणं हे जास्त चांगलं श्रमदान ठरेल. फक्त त्याचा फोटो निघत नाही.

सफाईबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण तिथं उत्साह सगळ्यात जास्त आणि सूचना सगळ्यात कमी असतात. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडच्या नद्यांमध्ये गेल्या शतकात कित्येक वर्षं पडलेले ओंडके आणि लाकडांचे ढीग मुद्दाम काढून टाकले गेले. सामन माशांना वर चढायला अडथळा होतो असा समज होता, आणि काम करणाऱ्यांचा हेतू शंभर टक्के चांगला होता. पुढे लक्षात आलं की त्याच ओंडक्यांमुळे नदीत डोह पडत होते, वाळू-खडी अडत होती, पिल्लांना दडायला जागा मिळत होती. आता त्याच भागात यंत्रांनी ओंडके उचलून नदीत परत ठेवले जातात. यावरून एवढंच मागतो: सफाईच्या दिवशी काय उचलायचं याच्याबरोबर काय उचलायचं नाही तेही सांगा. प्लॅस्टिक, काच, टायर, कापड नक्की उचलायचं. पण कुजणारा पाला, काठावरची मुळं, आडवी पडलेली फांदी राहू द्यायची. छोट्या ओढ्यांत किड्यांचं मुख्य अन्न म्हणजे काठावरून पडलेला पालाच. झुडपं तोडून काठ ‘स्वच्छ’ केला की सावली जाते, पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. माशांच्या दृष्टीनं हा फरक मोठा असतो.

जलपर्णीचं वेगळं. ती काढायलाच हवी, पण एका रविवारात ती संपत नाही. अनुकूल पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते आणि तिचं बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. काढलेला ढीग काठावरच ठेवला तर पहिल्या पुरात तो परत पाण्यात. ज्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येण्याची योजना नाही त्यांनी हे काम सुरूच करू नये असं माझं मत आहे. वरून सांडपाणी येत राहिलं तर पुन्हा येऊनही भागत नाही, कारण ती वाढते सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. मग स्वयंसेवकांनी हातमोजे काढून ठेवावेत आणि ते पाणी कुठून येतं याची माहिती मागणारे अर्ज लिहावेत. तेही पाणलोटाचंच काम आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो त्या मुद्द्याकडे येतो. आम्हाला मोजायला लावा.

सामान्य माणसांच्या मोजमापाला किंमत असते का, अशी शंका नेहमी निघते. समुद्रकिनाऱ्यांची सफाई बघा. १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर जो उपक्रम सुरू झाला आणि पुढे जगभर पसरला, त्यात पहिल्यापासून कचरा उचलणाऱ्यांच्या हाती एक तक्ता दिला गेला. काय उचललं, किती नग. त्या तक्त्यांमुळेच कळलं की कित्येक वर्षं पहिला क्रमांक सिगारेटच्या थोटकांचा होता. पोत्यांचं वजन केलं असतं तर हे कधीच कळलं नसतं, कारण थोटकाला वजन नसतं. ओढ्याच्या सफाईतही पोती मोजणं बंद करून वस्तू मोजल्या तर दोन-तीन खेपांत स्पष्ट होतं की कचरा कुठून येतो: घराघरांतून, एखाद्या बाजारातून की एकाच कारखान्याच्या मागच्या दारातून. मग तक्रार कुणाकडे करायची हेही ठरतं.

पाण्याचा गढूळपणा मोजायला तर फार जुनं साधन आहे. आंजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञ-धर्मगुरूनं १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीनं सोडून ती कुठवर दिसते ते नोंदवलं. आज तलावांवर वीस सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी वापरतात. तबकडी, दोरी आणि दोरीवर खुणा, एवढंच. दर पंधरवड्याला, त्याच जागी, साधारण त्याच वेळी. एका वाचनाला अर्थ नसतो, पाच वर्षांच्या वाचनांना असतो. वाहत्या उथळ ओढ्यात याच कामासाठी तळाशी खूण असलेली पारदर्शक नळी चालते.

माझा सगळ्यात आवडता प्रकार मात्र किड्यांचा. ओढ्यातला दगड उचला, उलटा करा आणि खाली काय चिकटलंय ते बघा. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या कीटकांची पिल्लं पाण्यात वाढतात आणि त्यांतल्या बहुतेकांना स्वच्छ, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. त्यातली काही कॅडिसफ्लाय वाळूचे कण किंवा काड्या चिकटवून स्वतःभोवती नळकांडं बांधतात. मुलं ते बघून हरखून जातात, आणि खरं सांगायचं तर मोठेही. याउलट चिखलात वळवळणाऱ्या लालभडक अळ्या दिसल्या तर त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात त्या त्याच्या जोरावर तगतात. बाटलीत भरून नेलेला नमुना त्या क्षणाचं पाणी दाखवतो. रात्री कुणी काही सोडलं आणि सकाळी ते वाहून गेलं तर बाटलीत काही सापडत नाही. किडे मात्र तिथंच आठवडेच्या आठवडे राहिलेले असतात. ते नाहीसे झाले तर मधल्या काळात काहीतरी घडलंय. अमेरिकेत आयझॅक वॉल्टन लीग या निसर्गसंवर्धन संस्थेनं १९६९ पासून नागरिकांकरवी ओढ्यांवर लक्ष ठेवण्याचा उपक्रम चालवला आहे. दक्षिण आफ्रिकेत मिनीसॅस नावाची पद्धत आहे. तिच्यात किड्यांचे आणि तशाच लहान जिवांचे फक्त तेरा गट ओळखायचे असतात. शाळकरी मुलंही ती वापरतात. नाव पाठ करायची गरज नसते, चित्र जुळवायचं असतं.

अशा मोजणीत तुमचं काम तीन ठिकाणी लागतं, आणि ते आम्ही करू शकत नाही. एकच पद्धत सगळ्यांना शिकवणं, कारण प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं मोजलं तर आकडे जुळत नाहीत. नोंदी एका जागी, सगळ्यांना दिसतील अशा ठेवणं. आणि त्या नोंदींचं पुढे काय झालं ते आम्हाला सांगणं. यातलं तिसरं सगळ्यात जास्त राहून जातं. माणसं मोजायला कंटाळत नाहीत. आपण दिलेले आकडे कुणी उघडूनही पाहिले नाहीत हे कळलं की येणं थांबवतात.

एका गोष्टीबद्दल मला तुमच्याशी सरळ बोलायचं आहे. आम्ही संध्याकाळी घरी जातो, त्या पाणलोटात राहणारे लोक तिथंच राहतात. चराईबंदी जाहीर झाली की त्यांच्या शेळ्या कुठे चरणार हा प्रश्न आमचा नसतो, त्यांचा असतो. तो न विचारता वर गेलेले स्वयंसेवक पाहुणे म्हणूनच राहतात आणि त्यांनी लावलेल्या रोपांची राखण कुणी करत नाही. जिथं काम टिकलं तिथं मालकी तिथल्यांची होती. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात १९८६ मध्ये लँडकेअर, म्हणजे जमीन जपण्याचं काम, सुरू झालं ते शेतकऱ्यांच्या गटांतून, स्वतःच्या जमिनींवर. राजस्थानात अलवर जिल्ह्यात अरवरी नदीच्या खोऱ्यात गावांनी जोहड, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारी मातीच्या बांधाची तळी, बांधले, नदी पुन्हा वाहू लागली, आणि मग तिच्या पाण्याचे नियम करायला सुमारे सत्तर गावांनी मिळून अरवरी संसद उभी केली. पाणी आलं आणि काम संपलं असं त्यांनी मानलं नाही.

मोठी शहरंही हे शिकली आहेत, अर्थात आपल्या गरजेपोटी. न्यूयॉर्क शहराला लागणाऱ्या पाण्यातला सुमारे नव्वद टक्के भाग कॅट्स्किल आणि डेलावेअर पाणलोटांतून येतो आणि त्यासाठी गाळण प्रकल्प नाही. १९९७ च्या करारानं शहरानं वरच्या गावांशी देवाणघेवाण ठरवली: तिथली मैला-टाक्यांची दुरुस्ती, शेतांवरच्या उपाययोजना, राजीखुशीनं विकणाऱ्यांकडून जमीन. खालच्यांनी वरच्यांना नुसतं ‘पाणी स्वच्छ ठेवा’ असं सांगितलं नाही, त्याचा खर्चही उचलला. तुमच्या कार्यक्रमात खालच्या वस्तीतले स्वयंसेवक वरच्या उतारावर येतात, तेव्हा ही बोलणी घडवून आणण्याची केवढी संधी असते! आपण ती टी-शर्ट वाटण्यात घालवतो.

आणि अडवलेलं पाणी कोण उपसणार? अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात ते तिथल्या चर-बंधाऱ्यांसाठी. पण तिथं दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते गाव ठरवतं. शेतीसाठी विंधनविहिरींना तिथं बंदी आहे. हा भाग सांगताना आपला आवाज जरा खाली येतो, कारण तो श्रमदानानं होत नाही, एकमेकांशी वाद घालून होतो. ज्या ठिकाणी उपशाचे नियम ठरलेले नाहीत तिथं आमच्या घामाचं पाणी सगळ्यात खोल पंप असलेल्याच्या शेतात जाणार. आम्हाला बोलावण्याआधी तुम्ही हा प्रश्न तिथं विचारलात का, एवढं कळवत जा.

तुम्ही म्हणाल, लोक एका दिवसासाठीच येतात, वर्षभर कोण येणार? बरोबर आहे. शंभरातले नव्वद येणार नाहीत, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण उरलेल्या दहांना तुम्ही कधी विचारलंय का? त्यांना ओढ्याचा एक ठराविक पट्टा द्या, समजा दोन बंधाऱ्यांमधला. तो त्यांचा. मोठ्या पावसानंतर एक फेरी, हंगामात दोनदा किड्यांची मोजणी, उन्हाळ्यात रोपांची गणती. पाणी चढलेलं असताना आत उतरायचं नाही हा नियम मात्र कुणाच्याही उत्साहापुढे वाकवू नका. आणि एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाण्याआधी बूट-जाळी धुऊन वाळवायला शिकवा. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो नावाचं परकं शेवाळ सापडलं. ते ओल्या साधनांवरून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतं, म्हणून तपासा, धुवा, वाळवा अशी मोहीमच तिथं चालवावी लागली. मदतीला आलेल्या माणसानं रोग घेऊन येऊ नये.

पुढचं निमंत्रण पाठवाल तेव्हा त्यात गेल्या वर्षीच्या जागेबद्दल चार ओळी लिहा. किती चर शाबूत आहेत, किती रोपं जगली, कुठे फुटलं, कुणी दुरुस्त केलं. फुटलेलं कुणीच दुरुस्त केलं नसेल तर यंदा नवी जागा शोधू नका, त्याच उतारावर बोलवा. मी येईन. पहिल्या जोरदार पावसानंतरच्या फेरीसाठी माझं नाव आत्ताच लिहून घ्या. ए-फ्रेम मी घेऊन येतो, ओळंब्यासकट.

आपला,
एक स्वयंसेवक